एका आण्याचे पैसे किती? खेळांचा कोश आणि मोजमापाचा इतिहास

आजचा विषय ऐकायला जरा किरकोळ वाटेल. एखाद्या खेळाचा संदर्भकोश दहा-वीस हौशी माणसं मिळून तयार करतात. कुणी पगार देत नाही, कुणी संपादक नेमत नाही. अशा कोशात आकडे कोणत्या एककात लिहायचे, एवढाच आजचा प्रश्न. पण या प्रश्नाला आपल्याकडे फार जुना इतिहास आहे. राज्यकर्त्यांनी, व्यापाऱ्यांनी, सोनारांनी, धावपटूंनी हाच प्रश्न सोडवताना काय केलं, कुठे फसगत झाली, हे पाहिलं तर कोशाच्या कामात बरीच वादावादी वाचेल.

सुरुवात एका साध्या उदाहरणाने करू. माइनक्राफ्ट हा खेळ तुमच्यापैकी अनेकांच्या घरात मुलं खेळतात. त्यात खेळाडू साध्या जमिनीवर नऊ ठोकळ्यांच्या उंचीवरून पडला, तर त्याला इजा किती होते? एक जण लिहितो ‘६’, दुसरा लिहितो ‘३’. दोघंही बरोबर आहेत! खेळाच्या आत प्राण २० गुणांत मोजले जातात आणि पडद्यावर १० हृदयं दिसतात. म्हणजे एका हृदयाचे दोन गुण. पहिल्याने गुण लिहिले, दुसऱ्याने हृदयं. आता ज्या मुलाकडे चारच गुण उरलेत, त्याने कोशात ‘३’ वाचलं आणि ते गुण समजून उडी मारली, तर खेळ संपला. या खेळात एक असा कठीण प्रकार आहे की त्यात मेल्यावर परत जन्म नाही. कित्येक महिने खपून उभं केलेलं जग तिथे एका आकड्यापायी जातं. म्हणून हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

आता थोडं मागे जाऊ. दर बारा कोसांवर भाषा बदलते असं आपण म्हणतो. भाषेबरोबर शेरही बदलत असे. आपल्याकडे धान्य मापायचं ते शेर, अधोली, पायलीने. दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली. पण पायली हे भरून मोजायचं माप आहे, तोलून नव्हे. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर तांदूळ वजनाला सारखे भरत नाहीत. त्यावर शीग लावायची की सपाट करायची, हा आणखी वेगळा वाद. आणि वजनाचा शेर पुन्हा निराळा. एकाच नावाची दोन मापं एकाच बाजारात सुखाने नांदत होती, कारण घेणारा आणि देणारा दोघंही त्याच गावचे होते. ‘कोणता शेर?’ हे विचारायची गरजच नव्हती.

गरज पडली ती माल लांब जाऊ लागल्यावर. इंग्रजी अमदानीत मुंबईचा मण होता २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा साधारण ८२ पौंडांचा. किलोत सांगायचं तर मुंबईचा मण पावणेतेरा किलोंच्याही किंचित आत आणि बंगालचा सदतीस किलोंच्या वर. जवळजवळ तिप्पट फरक, आणि नाव एकच, मण! कागदावर नुसतं ‘शंभर मण’ लिहिलं तर त्याला काही अर्थच उरत नाही. १८३३ साली बंगाल सरकारने नियम करून तोळा १८० ग्रेनचा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण असं ठरवलं. या कामाशी जेम्स प्रिन्सेप या टांकसाळीतल्या अधिकाऱ्याचा जवळचा संबंध होता. हा तोच प्रिन्सेप, ज्याने पुढे ब्राह्मी लिपी वाचून अशोकाचे शिलालेख बोलते केले.

पण नियम झाला म्हणून प्रश्न मिटला का? आजचं उदाहरण घ्या. १८० ग्रेनचा तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. आज सराफाकडे गेलात आणि तोळ्याचा भाव विचारलात, तर तो साधारणपणे दहा ग्रॅमचा भाव सांगतो. आजीच्या जुन्या टिपणात ‘पाच तोळ्यांच्या पाटल्या’ असं असेल, तर त्या ५८ ग्रॅमच्या आसपास की ५० ग्रॅमच्या? वाटणीच्या वेळी या आठ ग्रॅमवरून भावंडांची तोंडं फिरू शकतात. चूक कुणाचीच नाही. नाव तेच राहिलं आणि आतलं माप बदललं, एवढंच झालं.

यातून कोशासाठी पहिली गोष्ट मिळते. नुसता आकडा लिहू नये, हे तर सगळ्यांनाच कळतं. पण नुसतं एककाचं नावही पुरत नाही. ते एकक कुठलं आणि कधीचं, हेही लागतं. खेळांच्या आवृत्त्या निघतात, आणि एका आवृत्तीतला गुण दुसऱ्या आवृत्तीत तेवढाच राहील याची खात्री नसते.

दुसरी गोष्ट आहे रूपांतराची. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. त्यानंतर रुपयाचे १०० नवे पैसे. मग एका आण्याचे नवे पैसे किती? हिशेबाने सव्वासहा. पण पाव पैशाचं नाणं नव्हतं. म्हणून सरकारने कोष्टक छापलं, एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९, चार आणे म्हणजे २५. आता बघा गंमत. एक-एक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर १८ पैसे, आणि तीन आण्यांचा हिशेब एकदम केला तर १९. सोळा वेळा एक-एक आणा दिला तर ९६ पैशांत रुपया फिटला, म्हणजे दुकानदाराचे चार पैसे बुडाले. चार पैसे त्या काळी अगदीच टाकाऊ नव्हते. जुनी आणि नवी नाणी काही वर्षं बरोबरच चालत होती, त्यामुळे हा घोळ रोजचा होता. आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ केलेल्या पिढीचं ते सगळं पाठांतर हळूहळू बाजूला पडलं.

दोष कोष्टकात नव्हता, ते देणं भागच होतं. पूर्णांक केलेल्या आकड्यांची पुन्हा बेरीज केली की घोटाळा होतो. कोशात हे सर्रास घडतं. एकाने सेकंदात लिहिलेला, पूर्णांक केलेला आकडा दुसरा घेतो, त्याला दहाने गुणतो, तिसरा त्याचे मिनिट करतो. शेवटी जो आकडा उरतो तो खेळात कुठेच नसतो. रूपांतर करायचं तर ते मूळ आकड्यावरून, आणि अगदी शेवटी, एकदाच.

तिसरी गोष्ट जरा खोल आहे. अकबराने इलाही गज सुरू केला, ४१ अंगुळांचा. त्यावर जमीन मोजली जाई, साठ गज लांब आणि साठ गज रुंद म्हणजे एक बिघा. पुढे इंग्रजांना उत्तर हिंदुस्थानात महसूल ठरवायचा होता. त्यांना प्रश्न पडला की हा गज नेमका किती इंचांचा? अंगुळ कुणाचं धरायचं? शोध घेतला तर जागोजागी निराळी उत्तरं आली. अखेर ३३ इंच हा आकडा धरला गेला. ३३ इंच धरले की साठ गजांचे होतात ५५ यार्ड, आणि बिघा होतो ३०२५ चौरस यार्डांचा, म्हणजे बरोबर पाच-अष्टमांश एकर! किती सोयीचं! पण अकबराचा गज ३३ इंचांचा होता म्हणून हे गुणोत्तर आलं नाही. हिशेब सोपा व्हावा असं ते ठरलं. एकदा ठरल्यावर मात्र पुढच्या कागदांत ते अगदी मूळ सत्यासारखं वावरू लागलं, आणि सारा त्यावरच बसला.

सोयीसाठी ठरवलेलं गुणोत्तर वाईट नसतं. ते ठरवलेलं आहे हे विसरलं जातं, तेव्हा ते वाईट ठरतं.

आता मैदानी खेळांकडे येऊ. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची का? कारण इंग्लंडात जमीन मोजायची साखळी २२ यार्डांची होती, एडमंड गंटरने सतराव्या शतकात रूढ केलेली. क्रिकेटचे नियम आजही २२ यार्ड असंच सांगतात आणि शेजारी २०.१२ मीटर देतात. काटेकोर हिशेब केला तर ते २०.११६८ मीटर भरतात. नियमाने मूळ माप आधी ठेवलं आणि वाचकाच्या सोयीचं नंतर. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. उद्या कुणाला शंका आली तर तो २२ वर परत जाऊ शकतो. आपली कबड्डी घ्या, पुरुषांचं क्रीडांगण १३ बाय १० मीटर. तिथे मीटर हेच मूळ माप. त्याचे फूट करून आधी फूट लिहिले तर आपण उगाच नवा अपूर्णांक जन्माला घालतो.

धावण्याच्या शर्यतींत तर याच कारणाने मोठा वाद झाला. मिल्खा सिंग यांनी १९५८ साली कार्डिफला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं, वेळ ४६.६ सेकंद. १९६० साली रोमला ऑलिंपिकमध्ये ते चौथे आले, वेळ ४५.६ सेकंद. दोन वर्षांत नेमका एक सेकंद सुधारला असं वाटतं. पण कार्डिफची शर्यत होती ४४० यार्डांची, म्हणजे ४०२.३३६ मीटर. रोमची होती ४०० मीटर. ते सव्वादोन मीटरच्या वरचं जास्तीचं अंतर त्या वेगाने धावायला पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणजे खरी सुधारणा एका सेकंदापेक्षा कमी. सारणीत दोन्ही वेळा एकाखाली एक ठेवल्या आणि स्तंभाला ‘४०० मीटर’ असं नाव दिलं, तर आपण न बोलता खोटं सांगितलं.

पुढची गोष्ट आणखी नाजूक. रोमचे ४५.६ हे हाती घड्याळाचे होते. विजेच्या घड्याळावर तीच धाव ४५.७३ नोंदली गेली. १९९८ साली कोलकात्यात परमजीत सिंग यांनी ४५.७० अशी वेळ दिली, विजेच्या घड्याळावर. मग राष्ट्रीय विक्रम मोडला का? ४५.७३ शी तुलना केली तर मोडला, ४५.६ शी केली तर नाही. दोन्ही आकडे सेकंदातच आहेत, एकक एकच आहे! फरक आहे तो मोजण्याच्या पद्धतीत. हाती घड्याळाचा माणूस बंदुकीचा आवाज किंवा धूर टिपून कळ दाबतो, त्यामुळे घड्याळ किंचित उशिरा सुरू होतं. म्हणून ४०० मीटरला हाती वेळेत ०.१४ सेकंद मिळवायची प्रथा पडली. एका माणसाची अडतीस वर्षं टिकलेली कीर्ती आणि दुसऱ्याची आयुष्यभराची मेहनत, दोन्ही त्या दशांश चिन्हापुढच्या आकड्यावर तोलल्या गेल्या. कोशात शेजारी ‘हाती’ किंवा ‘विद्युत’ एवढा एक शब्द असला की वाचक निदान वाद कशावरून आहे हे समजू शकतो.

जागतिक संघटनेने १९७६ साली एक मैल सोडून यार्डातली सगळी अंतरं विश्वविक्रमांच्या यादीतून काढली. तो निर्णय योग्यच होता, कारण पुढच्या शर्यती मीटरमध्येच होणार होत्या. पण जुन्या शर्यती यार्डातच धावल्या गेल्या होत्या. त्या मागे जाऊन मीटरच्या करता येत नाहीत.

आता पटावरच्या आणि पडद्यावरच्या खेळांकडे. १९७४ साली अमेरिकेत डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ निघाला. तो टेबलावर लहान बाहुल्या मांडून लढाया खेळणाऱ्यांच्या परंपरेतून आला, म्हणून त्यातली अंतरं इंचात दिली होती. पण एक इंच म्हणजे किती? तळघरात, इमारतीत असाल तर दहा फूट. उघड्यावर असाल तर दहा यार्ड. एकच इंच, दाराबाहेर पाऊल टाकलं की तिप्पट! मुंबईचा आणि बंगालचा मण आठवला ना? आणि नंतरच्या नियमांत अशी तंबी द्यावी लागली की मंत्र किती लांब पोचतो ते अंतर बाहेर वाढतं, पण मंत्राचा परिणाम किती जागेवर होतो ते क्षेत्र वाढत नाही. कारण ते वाढवलं तर एका मंत्रात अख्खी फौज गारद होईल. या जुन्या नियमांचा कोश करणाऱ्याने सरसकट फूट लिहिले, तर अर्ध्या नोंदी चुकतात. त्याला इंच ठेवावाच लागतो.

शेवटचं उदाहरण डूमचं. हा खेळ डिसेंबर १९९३ मध्ये आला. त्याच्या जगात मीटर नाही, फूट नाही. आहेत ती नुसती ‘युनिटं’. नायकाची उंची ५६ युनिटं. वेळ मोजला जातो ‘टिक’मध्ये, सेकंदाला ३५ टिक. सरळ पळताना त्याचा वेग टिकला सुमारे १६.६७ युनिटं, म्हणजे सेकंदाला ५८३ युनिटं. आता कुणी म्हणेल, ‘हे सामान्य वाचकाला काय कळणार? ताशी किलोमीटर सांगा ना!’ मागणी रास्त आहे. करून बघू. नायक सहा फुटी, म्हणजे १.८३ मीटर धरला, तर त्याचा वेग येतो ताशी सुमारे ६९ किलोमीटर. उसेन बोल्टचा सर्वोच्च वेग ताशी ४४ च्या आसपास. मजेशीर माहिती आहे, लोक आवडीने वाचतात.

पण थांबा. या खेळाचं चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं आणि ते चार-तीन प्रमाणाच्या पडद्यावर ताणून दिसे. त्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा १.२ पट उंच. म्हणजे उभं युनिट आणि आडवं युनिट डोळ्यांना सारखं दिसत नाही. हे लक्षात घेऊन तोच सहा फुटी नायक धरला, तर वेग येतो ताशी ५७ किलोमीटर. गृहीतक तेच, नायक तोच, आणि बारा किलोमीटरचा फरक. कोणता खरा? कोणताच नाही. इथे आपण ३३ इंचांचा गज ठरवतो आहोत. खरा आकडा एकच, ५८३ युनिटं. या खेळाची मूळ आज्ञावली १९९७ साली खुली झाली. त्यामुळे तो आकडा आज कुणीही ती उघडून, आकडेमोड करून ताडू शकतो. ६९ किंवा ५७ ताडून बघायला मात्र आधी माझं गृहीतक मान्य करावं लागतं.

वेळेचंही तसंच. माइनक्राफ्टमध्ये सेकंदाला २० टिक, आणि खेळातला एक दिवस २४,००० टिकांचा, म्हणजे आपली वीस मिनिटं. भट्टीत एक वस्तू तयार व्हायला २०० टिक लागतात, म्हणजे दहा सेकंद. पण यंत्रावर ताण आला की टिक लांबतो. मग भट्टीला दहाचे पंधरा सेकंदही लागतील, टिक मात्र २०० च राहतात. जुन्या टीव्हीला जोडायच्या खेळांत अमेरिका-जपानात सेकंदाला साधारण ६० चित्रं, तर युरोपात ५०. खेळ चित्रागणिक पुढे सरकायचा, म्हणून त्यातले कित्येक खेळ युरोपात सरळ मंद चालत. अशा खेळाची वेळ सेकंदात लिहिली की देश सांगावा लागतो. चित्रांच्या संख्येत लिहिली की बऱ्याचदा लागत नाही.

मग कोशाने काय करावं? माझं म्हणणं असं. सरकारने १९५६ साली वजन-मापांचा कायदा केला आणि ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्याने आणली, तेव्हा त्यामागे शिक्के मारणारे निरीक्षक होते. खोटं वजन सापडलं तर दंड होता. हौशी कोशामागे निरीक्षक नसतो. तिथला निरीक्षक म्हणजे उद्या येणारा अनोळखी स्वयंसेवक. तेव्हा जे एकक त्याला खेळात जाऊन स्वतः तपासता येईल, तेच कोशाचं मुख्य एकक असावं. बहुतेक वेळा ते खेळाचं स्वतःचं एकक असतं, ठोकळा, टिक, गुण, युनिट, यार्ड, इंच, जे काही असेल ते. सुसंगती म्हणजे सगळ्या खेळांना एकाच मीटरने मोजणं असा अर्थ मी घेत नाही. एका खेळाच्या सगळ्या नोंदी त्या खेळाच्याच मापात असाव्यात, असा घेतो.

वाचकाच्या सोयीचं एकक जरूर द्यावं, पण दुसऱ्या क्रमांकावर. त्यामागचं गुणोत्तर कोशात एकाच ठिकाणी लिहून ठेवावं. ते खेळाने दिलेलं आहे की आपण ठरवलंय, हे तिथेच स्पष्ट म्हणावं. म्हणजे उद्या गुणोत्तर बदललं तर एक ओळ बदलेल, हजार नोंदी नाहीत. आणि जुन्या नोंदी नव्या एककात नेताना मूळ आकडा पुसू नये. आण्याचे सहा पैसे झाले की तो सव्वासहा होता हे पैशांवरून कुणालाच कळत नाही.

यात कष्ट आहेत, हे मान्य. एककावरून कोशातली माणसं आपसात भांडतात, आणि प्रत्येक शेराला सव्वाशेर भेटतोच. पण त्या भांडणात ‘कोणतं एकक जास्त शास्त्रीय?’ असं विचारण्याऐवजी ‘हा आकडा उद्या कोण आणि कसा तपासणार?’ असं विचारून बघा. बरेच वाद तिथेच मिटतात. जे मिटत नाहीत, त्यांत निदान दोन्ही बाजूंना कळतं की आपण कुठल्या शेराबद्दल बोलतोय.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.